पहिला भाग वाचला, दुसऱ्याला वाचक गायब? कथालेखकांनो, या चुका टाळा

ऑनलाइन टाकलेल्या कथामालिकेच्या पहिल्या आणि दुसऱ्या भागाचे वाचनाचे आकडे शेजारी ठेवा. दुसऱ्याला एकदम घसरण दिसली तर लेखणीला दोष देण्याआधी पहिल्या भागाच्या शेवटी दुसऱ्याची लिंक आहे का ते बघा. बऱ्याचदा ती नसतेच. सातारा-सांगली एसटीत बसलेला वाचक कराडला गाडी थांबेपर्यंत भाग संपवतो आणि तिथंच पुढचा मागतो. तुमच्या प्रोफाइलवर खाली सरकत शोधत बसत नाही. नवा भाग टाकलात की लगेच मागच्या भागात जाऊन लिंक जोडा. गळती सहाव्या-सातव्या भागाला असेल तर मात्र कथेत पाणी पडलंय. तिथं लिंकचा उपयोग नाही, कात्री लागते.

दुसरी जागा म्हणजे पहिल्या दोन ओळी. फेसबुकवर तेवढंच दिसतं, बाकी 'आणखी पहा'च्या मागे जातं. आणि त्या दोन ओळींत लेखक काय लिहितो? 'नमस्कार वाचकहो, बऱ्याच दिवसांनी नवी कथा घेऊन येत आहे, चुकलंमाकलं पोटात घाला.' झालं, जागा संपली. त्याऐवजी अशी सुरुवात करून बघा: 'पोत्यात हळद कमी भरलीय, हे तात्यांना काट्यावर चढवायच्या आधी हातालाच कळलं.' नमस्कार शेवटी घाला, कुणी रागावत नाही.

आता बोलीचं. सातारा-सांगलीकडच्या कथेत सून सासऱ्याला 'जेवलासा का?' असं विचारते. त्या 'सा'मध्ये सगळा मान आहे. फोनचा कीबोर्ड शब्द सुधारायला जातो आणि 'जेवला का?' करून ठेवतो. मान गेला, सूनही उद्धट ठरली. 'न्हाई'चं 'नाही', 'व्हता'चं 'होता' हेही असंच. इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करताना हा घोळ जास्त होतो. थेट देवनागरी कीबोर्ड घ्या, आपोआप दुरुस्ती बंद करा आणि नेहमीचे बोलीशब्द वैयक्तिक शब्दकोशात घाला. तरीही टाकण्याआधी संवाद मोठ्याने वाचा. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत ठेवायचे असतील तर शेवटपर्यंत तसेच ठेवा. निवेदकच मधे 'लई' म्हणायला लागला की वाचक अडखळतो.

डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेली कथा थेट चिकटवू नका. श्रीलिपीसारख्या फॉन्टचा मजकूर फोनवर निरर्थक चिन्हांचा ढीग दिसतो. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, बदला आणि मग तीन गोष्टी डोळ्यांनी तपासा: पहिली वेलांटी, रफार, आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्या'मधला अर्धा र. रूपांतरात हमखास तिथंच माती होते. मजकुराचा फोटो टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे. फोटोतली अक्षरं मोठी करायला गेलं की ओळी स्क्रीनबाहेर जातात आणि कथा शोधात सापडणं अवघड होतं.

व्हॉट्सॲपची तक्रार वेगळी असते: 'यादीत दोनशे जण आहेत, पण प्रतिसाद वीस जणांचा.' ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश प्रत्येकाला वेगवेगळा पाठवणाऱ्या यादीत, 256 जणांपर्यंत घेता येतात, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो संदेश पोचतो. संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनात वहीत नंबर लिहून आणलेत, पण समोरच्यानं तुमचा घेतलाच नाही, तर कथा त्याच्यापर्यंत जाणार नाही. तिथंच त्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह करून घ्या. किंवा व्हॉट्सॲपवरच चॅनेल काढा. तिथं वाचकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून अनोळखी वाचक, विशेषतः बायका, निर्धास्त येतात. आणखी एक बारीक खोड: संवादाच्या सुरुवातीला आडवी रेघ आणि मोकळी जागा दिलीत की व्हॉट्सॲप त्याचे यादीचे ठिपके करतं. अवतरणचिन्हं वापरा.

नाव फक्त शेवटी लिहू नका. फॉरवर्ड करणारा शेवटची ओळ उडवतो आणि कथा 'लेखक अज्ञात' होऊन फिरते. शीर्षकाखाली एकदा आणि मधे एखादा प्रसंग संपून दुसरा सुरू होतो तिथं एकदा नाव टाका. कथा लिहिली तेव्हाच 1957च्या कायद्यानं हक्क तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. तारखेसह मूळ फाइल मात्र जपा.

दिवाळी अंकाकडे पाठवायची कथा आधी ऑनलाइन टाकू नका. बहुतेक संपादक अप्रकाशित साहित्य मागतात आणि तुमच्या फेसबुकच्या भिंतीवर टाकलेलं त्यांच्या लेखी प्रकाशितच. पावसाळ्यात अंकांना पाठवा. नकार आला किंवा अंक निघून गेला की मग ऑनलाइन टाका. स्पर्धांची नियमावलीही शेवटच्या कलमापर्यंत वाचा. 'सर्व हक्क आयोजकांकडे' असं असेल तर किती वर्षांसाठी ते लेखी विचारा. हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि तेवढ्या काळात तीच कथा तुमच्या संग्रहात घ्यायलाही अडचण येऊ शकते.