मायक्रोकंट्रोलर बोर्डाला वीज कशी द्यावी आणि तो कसा बसवावा

प्रोग्रॅम बरोबर असूनही मायक्रोकंट्रोलर बोर्ड (प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपची छोटी पाटी) अधूनमधून रीसेट होतो, सेन्सर भलतेच आकडे दाखवतो, तेव्हा कोड चाळत बसण्याआधी वीजपुरवठा तपासा. बहुतेकदा घोळ तिथेच असतो.

१. सुरुवात यूएसबीने करा. बोर्ड कोरड्या लाकडावर किंवा पुठ्ठ्यावर ठेवा. तो ज्या चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीतून येतो तिच्यावर ठेवून चालू करू नका, त्या पिशवीतून थोडीफार वीज वाहू शकते. बोर्डावरचा दिवा लागला पण संगणकाला पोर्ट दिसत नसेल, तर आधी केबल बदलून बघा. निव्वळ चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच.

२. वीज कुठल्या वाटेने द्यायची ते ठरवा. आर्डुइनो उनो आर३ या बोर्डाला गोल जॅकमधून ७ ते १२ व्होल्ट चालतात, मधलं टोक पॉझिटिव्ह. ‘विन’ (VIN) या वीज घेणाऱ्या पिनलाही तेवढेच. ‘५व्ही’ पिन मात्र रेग्युलेटरला (आलेला दाब ५ व्होल्टवर आणणाऱ्या भागाला) वळसा घालून थेट चिपपर्यंत जाते. तिथे चुकून ९ व्होल्ट दिले तर बोर्ड गेलाच म्हणून समजा.

१२ व्होल्ट चालतात म्हणून तेच द्यावेत असं नाही. बोर्डावरचा रेग्युलेटर जास्तीचा दाब उष्णतेत घालवतो. सर्किट २०० मिलिअँपिअर ओढत असेल, तर १२ मधून ५ वजा जाऊन उरलेले ७ व्होल्ट गुणिले ०.२ अँपिअर, म्हणजे १.४ वॉट नुसते तापण्यात जातात. एवढ्याशा चिपला हात लावून बघा, चटका बसेल. ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर बरा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मात्र मला कधीच पटलेली नाही. तिच्यातून जास्त करंट निघत नाही आणि ती लवकर बसते.

३. ईएसपी३२ हा वायफाय असलेला बोर्ड असेल तर सिग्नलच्या पिनांना ३.३ व्होल्टच द्या. वायफाय सुरू होताना तो क्षणभर बराच करंट खेचतो. सिरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश संगणकावर दाखवणाऱ्या खिडकीत) ‘ब्राउनआउट’ असा संदेश दिसला, तर पुरवठा कमी पडतोय.

४. मोटर, सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणारी मोटर) बोर्डाच्या पिनवर चालवू नका. उनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंतच घ्यावेत. मोटरला वेगळा पुरवठा द्या, पण दोन्हींचे ग्राउंड (शून्य व्होल्टच्या तारा) जोडा. हे राहिलं तर सिग्नलला संदर्भच उरत नाही आणि सर्व्हो नुसता थरथरतो.

५. आता बोर्ड पक्का बसवा. खालच्या बाजूला सोल्डरची टोकं उघडी असतात, म्हणून खाली स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) हवेतच. उनोच्या भोकांत एम३ स्क्रू बसतात. एक भोक पिनांच्या पट्टीला अगदी खेटून आहे, तिथे नायलॉनचा स्क्रू वापरा. ईएसपी३२ धातूच्या डब्यात कोंडू नका, अँटेनाची बाजू मोकळी ठेवा. तारा डब्याला बांधून घ्या, म्हणजे ओढ लागली तरी ताण पिनवर येणार नाही. झाकण लावण्याआधी यूएसबीचं तोंड बाहेरून पोचण्यासारखं आहे ना ते बघा, नाहीतर प्रोग्रॅममधली एक ओळ बदलायला सगळे स्क्रू काढावे लागतील.