नळाची धार बारीक झालीय? पंप घेण्याआधी हे तपासा

नळाला पाणी बारीक येऊ लागलं की पहिल्यांदा प्रेशर पंप आठवतो. तो शेवटी घ्या. अडथळा तसाच ठेवून पंप बसवला तर धार थोडीफार वाढते, पण जुन्या सांध्यांवर ताण येऊन ते गळू लागतात.

सुरुवात बादलीने करा. 10 लिटरची बादली लावा, नळ पूर्ण सोडा आणि भरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. घरातल्या प्रत्येक नळाचं हे माप लिहून ठेवा, कारण दोष कुठे आहे ते यावरूनच कळतं. एकाच नळाचं पाणी कमी असेल तर दोष त्या नळाजवळ. फक्त गरम पाणी कमी येत असेल तर गीझरकडे जाणारा कॉक अर्धवट बंद आहे का पाहा. गीझर उघडायचा असेल तर वीज बंद करून, तेही जाणकाराकडूनच. सगळीकडेच धार कमी असेल तर मुख्य व्हॉल्व्ह, टाकी किंवा बाहेरचा पुरवठा. शेजाऱ्यांनाही विचारा, अर्धं कोडं तिथेच सुटतं.

एकच नळ रुसला असेल तर त्याच्या तोंडाची गोल जाळी काढा. आधी बेसिनचं भोक बंद करा, नाहीतर वॉशर वाहून जातो. जाळी हाताने फिरत नसेल तर कापड गुंडाळून पान्हा लावा. आता नळ सोडून पाहा. धार भरून आली तर दोष जाळीत होता. उजेडात धरलीत तर तिच्या भोकांत वाळूचे कण आणि क्षारांचा पांढरा थर दिसेल. व्हिनेगरमध्ये तासभर बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा, भाग काढले त्याच क्रमाने बसवा. शॉवरलाही हाच उपाय. वॉशिंग मशीनला पाणी हळू येत असेल तर तिच्या पाइपाच्या टोकाची जाळी तपासा.

जाळी साफ असूनही फरक नसेल तर नळाखालचा अँगल कॉक, म्हणजे त्या नळाचं पाणी बंद करायचा छोटा कॉक, पाहा. दुरुस्तीनंतर तो पूर्ण उघडायचा राहून गेलेला असतो. जुना गेट व्हॉल्व्ह, म्हणजे चकती वर-खाली करून पाणी सोडणारा-अडवणारा व्हॉल्व्ह, तर चांगलाच फसवतो. आतली चकती दांड्यापासून सुटली की वरची चावी छान फिरते, पण चकती जागची हलत नाही. असा व्हॉल्व्ह बदलावाच लागतो.

टाकी धुतल्यानंतर त्रास सुरू झाला आणि पाणी थांबत, फसफसत येतंय? मग पाइपात हवा अडकलीय. टाकी भरलेली ठेवून सगळ्यांत खालचे नळ काही मिनिटं पूर्ण सोडा.

वरच्या मजल्यावरच त्रास असेल तर कारण उंचीचं आहे. पाण्याची पातळी नळापेक्षा 10 मीटर वर असेल तेव्हा जेमतेम 1 बार दाब मिळतो. शॉवरच्या 2 मीटर वर टाकी असेल तर फक्त 0.2 बार. टाकी मोठी घेऊन दाब वाढत नाही, ती उंचावरच न्यावी लागते.

जुने लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद होतात. आतला व्यास निम्मा झाला की पाणी निम्मं नाही, साधारण पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतं. तिथे पाइप बदलणं हाच उपाय.

एवढं करूनही पंप लागलाच तर तो टाकीतून निघणाऱ्या पाइपावर बसवा. सार्वजनिक जलवाहिनीला थेट जोडू नका. त्याच्या ओढीने वाहिनीच्या फटींतून बाहेरचं घाण पाणी आत शिरतं, आणि ते शेजारच्या घरांतही पोचतं.