ऑनलाइन गाणं ऐकायला शिकवताय? या चुका टाळा

गळा तयार करणारे शिक्षक पुष्कळ आहेत. कान तयार करायला मात्र कुणाला वेळ नाही. त्यात ऑनलाइन वर्ग म्हटला की त्याच त्या चुका होतात. पहिली माझी स्वतःची, म्हणून तीच आधी सांगते.

फोनच्या स्पीकरवर तबला ऐकवणं. नववीतल्या एका मुलीला तीनतालातली (सोळा मात्रांचा, म्हणजे सोळा ठोक्यांचा ताल) खाली, म्हणजे टाळी न देता हात उघडा दाखवायची जागा, सापडत नव्हती. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. बोल तोंडपाठ, हातावर टाळी-खालीही बिनचूक. पण तबल्यावरचा हा ठेका मधूनच लावला की गडबड. दोन महिने मी तिच्याकडून बोटं मोजून घेतली, एकदोनदा चिडलेही. सुट्टीत ती आजोबांकडे गेली आणि त्यांनी फोन जुन्या स्टिरिओला जोडून दिला. ठेका लावला तर म्हणते, "ताई, मधेच घुमणं बंद होतंय. नेट जातंय का?"

अगं, नेट कसलं, तीच खाली! दहाव्या मात्रेला डग्गा (तबल्याच्या जोडीतला घुमणारा) मिटतो तो चौदाव्या 'धिं'ला पुन्हा बोलतो. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज, म्हणजे खालचा जाड आवाज, जवळजवळ येतच नाही, म्हणजे पोरीला इतके दिवस डग्गा ऐकूच आला नव्हता. तेव्हापासून नवीन कुणी आलं की पहिल्या दिवशी मी नुसता डग्गा ऐकवून विचारते, काय वाजतंय? साधे वायरवाले इअरफोनही चालतात. फोनचा स्पीकर नाही.

तानपुरा गायब होणं हे त्याचंच भावंड. एकसारखा नाद आला की झूम त्याला पंख्याच्या घरघरीसारखा समजून कापून टाकतं. सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा.

दोघांनी एकदम गायचा हट्ट सोडा. आवाज उशिरा पोचतो, लय मोडणारच.

"हे ऐकून या" म्हणून ग्रुपवर पंधरा लिंका टाकणं. यातली एकही कुणी ऐकत नाही; ऐकली तरी भाजी निवडताना. मी आठवड्याला एकच ध्वनिमुद्रण देते, तेही शक्यतो जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीवरचं. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळे अब्दुल करीम खाँ असोत की केसरबाई, त्या काळच्या मोठ्या गवयांनाही पसारा आवरून राग मांडावा लागायचा. उलट विलंबित, म्हणजे संथ, एकतालाचं एक आवर्तन (तालाचा एक फेरा) कधीकधी मिनिटभर चालतं. नवशिक्याला पहिल्याच महिन्यात त्यात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, शोधायला लावणारे शिक्षक मला निर्दयी वाटतात. आणि सोबत एकच प्रश्न द्या. दोन दिले की दुसरा राहतो.

राग ओळखणारं ॲप. नको, अजिबात नको. "अमक्या सिनेमागीतासारखं वाटतंय, म्हणजे तमका राग" हा त्याचाच जुना अवतार. एका घाईखोर विद्यार्थ्याने देशकार राग ऐकून वीस सेकंदांत 'भूप' लिहून पाठवलं. त्याचीही चूक नाही, दोन्हींत स्वर तेच: सा रे ग प ध. मी चूक की बरोबर सांगितलंच नाही. म्हटलं, पाच मिनिटं ऐक आणि गवई कुठल्या स्वरावर थांबतो तेवढं वहीत लिही. पुढच्या वर्गाला कॅमेऱ्यासमोर वही धरली: ध, ध, प, ध, सा, ध. मग स्वतःच म्हणाला, "पण भूपात तर गंधारावर थांबतात ना?" मी फक्त विचारलं, हे सकाळी गायलं असेल की संध्याकाळी? (देशकार सकाळचा, भूप संध्याकाळचा.)

अशा वेळी उत्तर सांगून टाकायची फार घाई होते. ऑनलाइनमधली शांतता खायला उठते. मी माझा माईक बंद करून मनात वीस मोजते.

आणि शेजारी बसून उत्तर कुजबुजणाऱ्या आयांनो, मला सगळं ऐकू येतं. मी इअरफोन लावलेले असतात.