मुलांचं कार्टून आवडतं? मग कबुली देऊ नका, नुसतं सांगा

मी 31 वर्षांचा आहे आणि माझी सगळ्यात आवडती मालिका माय लिटल पोनी आहे, म्हणजे फ्रेंडशिप इज मॅजिक नावाची जी 2010 ते 2019 चालली ती. हे वाक्य इतकं सरळ बोलायला मला चार वर्षं लागली. त्याआधी दार लावून हेडफोन घालून बघायचो, कोणी आलं की टॅब बदलायचो, हिस्ट्री पुसायचो, आणि करत काय होतो तर सहा रंगीत पोनी मैत्रिणी भांडतात, चुकतात, माफी मागतात ते बघत होतो. पण रोज लपवलं की साधी गोष्टसुद्धा गुन्ह्यासारखी वाटायला लागते, आणि मग चुकून कोणाला सांगायची वेळ आली तर आपण गुन्हेगारासारखंच सांगतो. तिथेच सगळं बिघडतं.

म्हणून हे लिहितोय. तुमची मालिका वेगळी असेल, ब्लूई असेल, डोरेमॉन असेल, अवतार (द लास्ट एअरबेंडर हे कार्टून, सिनेमा नाही) असेल, काही फरक पडत नाही. मी उदाहरणं पोनीची देणार कारण मला ती येतात.

सगळ्यात आधी, लोकांना सांगायच्या आधी, स्वतःला सांगा की नेमकं काय आवडतं. "भारी आहे" हे उत्तर नाही. एक एपिसोड घ्या आणि त्यातलं तुम्हाला काय लागलं ते तीन-चार वाक्यांत मोठ्याने बोलून बघा. मला विचाराल तर मी दुसऱ्या सिझनमधला फ्लटरशायचा एपिसोड सांगतो. फ्लटरशाय म्हणजे त्या सहाजणींमधली लाजाळू, प्राण्यांची काळजी घेणारी. तर तिला सगळे गृहीत धरतात, बाजारात लोक तिच्या पुढे घुसतात, दुकानदार एका चेरीसाठी अव्वाच्या सव्वा पैसे मागतो, घरचा ससासुद्धा तिला नाचवतो. मग आयर्न विल नावाचा एक धिप्पाड मिनोटॉर, म्हणजे बैलाच्या डोक्याचा राक्षस, येतो जो लोकांना ठाम वागायचं ट्रेनिंग देतो, ते ती करते, आणि ठाम होता होता इतकी उद्धट होते की स्वतःच्या दोन मैत्रिणींना रडवते. नंतर तिला स्वतःचीच भीती वाटते, घरात कोंडून घेते. आणि शेवटी तोच मिनोटॉर फी मागायला दारात येतो तेव्हा ती शांतपणे सांगते की तू म्हणाला होतास समाधान झालं नाही तर पैसे नाहीत, माझं समाधान झालेलं नाही, मी देणार नाही. आवाज चढवत नाही, पण मागेही हटत नाही.

हा एपिसोड मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मी कोणालाच नाही म्हणू शकत नव्हतो, ऑफिसमध्ये सगळ्यांची कामं माझ्याकडे यायची. 22 मिनिटांत मला जे दिसलं ते मोठ्यांच्या कुठल्याच मालिकेत दिसलं नव्हतं, की ठाम असणं आणि उद्धट असणं वेगळं असतं आणि दबून राहणं हा त्यातल्या कशाचाच उपाय नाही. हे मला माहीत आहे म्हणून मी कोणासमोरही बोलू शकतो. तुमच्याकडेही असा एखादा एपिसोड असणारच, नाहीतर तुम्ही इतके गुंतलाच नसता. तो शोधा, बाकी सगळा आत्मविश्वास त्याच्यावर उभा राहतो.

दुसरं म्हणजे मालिका बनली कशी ते थोडं वाचा. वाद जिंकायला म्हणून नाही, मजा येते म्हणून, आणि बोलायला हातात काहीतरी खरं असतं. माझ्या मालिकेचंच सांगतो. पोनीची खेळणी 1980 च्या दशकातली, हॅस्ब्रो कंपनीची, आणि तेव्हाही त्यांची कार्टूनं आली होती. 2010 ची नवी मालिका उभी केली लॉरेन फॉस्टने, जी लहानपणी स्वतः या खेळण्यांशी खेळायची आणि खेळताना प्रत्येकीला एक स्वभाव द्यायची, कोणी धाडसी, कोणी अभ्यासू, आणि तेच स्वभाव पुढे मालिकेत आले. अॅनिमेशन फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, कॅनडातल्या व्हँकुव्हरला झालं. 9 सिझन, 222 एपिसोड. सुरुवातीच्या सिझनमध्ये एपिसोडच्या शेवटी ट्वायलाइट स्पार्कल, म्हणजे सहाजणींमधली पुस्तकात रमणारी मुख्य पोनी, आपल्या गुरू राजकुमारी सेलेस्टियाला पत्र लिहिते की आज मैत्रीबद्दल काय शिकले. हे सगळं तुम्हाला माहीत असलं की कोणी "खेळणी विकायला काढलेलं कार्टून आहे ते" म्हटलं तर चिडायची गरजच राहत नाही, कारण हो, खेळणी विकायचीच होती, आणि त्याच कामात एका बाईने जीव ओतून पात्रं घडवली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्ही सांगा.

आता मुख्य मुद्दा, सांगायचं कसं. माझं ठाम मत आहे की लोक तुमच्या मालिकेवर नंतर प्रतिक्रिया देतात, आधी तुमच्या आवाजावर देतात. तुम्ही "हसू नका हां पण..." अशी सुरुवात केली की समोरच्याला कळतं इथे हसायचं असतं. "तसं ते लहान मुलांचं आहे पण", "टाइमपास म्हणून बघतो", "माझ्या भाचीमुळे लागलं", ही सगळी वाक्यं काढून टाका, विशेषतः भाचीवालं, कारण ते बहुतेक वेळा खोटं असतं आणि बिचाऱ्या भाचीचा काही संबंध नसतो. मी स्वतः तीन वर्षं भाचीचं नाव पुढे केलंय. आता कोणी विचारलं वीकेंडला काय केलंस तर ज्या आवाजात लोक क्रिकेटची मॅच बघितली म्हणून सांगतात त्याच आवाजात सांगतो, पोनीचा चौथा सिझन परत बघायला घेतलाय, मजा येतेय. आणि थांबतो. थांबणं महत्त्वाचं आहे. लगेच स्पष्टीकरण द्यायला लागलात की परत कबुलीच झाली. नाही जमत तर घरी आरशासमोर बोलून बघा, मी बघितलंय, पहिल्या दहा वेळेला आवाज शेवटी शेवटी खाली जातो, मग जात नाही.

अजून एक सापळा आहे ज्यात जवळपास प्रत्येक मोठा फॅन अडकतो. "वरवर मुलांचं वाटतं पण खरं तर ते मोठ्यांसाठीच आहे, खूप डार्क आहे, खूप डीप आहे." असं म्हणू नका. ते मुलांसाठीच आहे आणि म्हणूनच चांगलं आहे, कारण मुलांना समजेल असं सांगायचं म्हणजे लपवाछपवी चालत नाही, राग आला तर राग दिसतो, हेवा वाटला तर हेवा वाटला असं पात्र स्वतः म्हणतं. अवतारच घ्या, 61 एपिसोडमध्ये युद्ध, अपराधीपणा, क्षमा सगळं येतं आणि ते मुलांच्या चॅनेलवरच आलं. ब्लूईचा एपिसोड साधारण 7 मिनिटांचा, कुत्र्यांचं कुटुंब, पोरींचे खेळ, आणि बघताना आईबाप रडतात. मुलांचं असण्याबद्दल माफी मागितली की तुम्ही त्या मालिकेचाच अपमान करता.

सुरुवात मात्र एकदम सगळ्यांसमोर करू नका. एक माणूस निवडा, जो इतरांच्या आवडीनिवडीची टिंगल करत नाही असा, आणि एकट्यात सांगा. मग छोट्या खुणा, फोनचा वॉलपेपर, बॅगेला कीचेन, लॅपटॉपवर स्टिकर. खुणेचा फायदा असा की तुम्हाला विषय काढावा लागत नाही, ज्याला विचारायचंय तो विचारतो. माझ्या लॅपटॉपवर सहाजणींमधल्या धाडसी रेनबो डॅशचं स्टिकर लागल्यावर पहिले दोन आठवडे कोणी काहीच बोललं नाही, आणि मग दुसऱ्या टीममधली एक मुलगी, जिच्याशी मी वर्षभरात दोन वाक्यंसुद्धा बोललो नव्हतो, येऊन हळूच म्हणाली, "माझी रॅरिटी." म्हणजे सहाजणींमधली तिची आवडती. एवढंच. आज ती माझी चांगली मैत्रीण आहे.

लोक हसले तर? हसणारे वेगवेगळे असतात आणि सगळ्यांना एकच उत्तर देऊन चालत नाही. बरेचसे फक्त दचकलेले असतात, त्यांना पोनी म्हणजे गुलाबी खेळणं एवढंच माहीत असतं, त्यांच्याबरोबर तुम्हीही हसा आणि विचारा, "बघितलंय कधी?" नाही म्हणाले तर विषय तिथेच संपतो. मित्र चिडवतात ते वेगळं, तिथे मोकळेपणाने चिडवून घ्या, पण एखादं वाक्य खरंच लागलं तर त्याच दिवशी एकट्याला गाठून सांगा की हे नको. आणि तिसरे जे तुमच्या पुरुष असण्यावर, वयावर, डोक्यावर जातात, त्यांना मी एकच वाक्य म्हणतो, "मला आवडतं, तुला नाही आवडत, ठीक आहे." दुसऱ्यांदा बोलले तर तेच वाक्य परत, त्याच आवाजात. नवा मुद्दा देऊ नका, नवा मुद्दा म्हणजे नवा वाद. फ्लटरशायने दारात उभं राहून हेच केलं होतं.

पण शाळा-कॉलेजात असाल आणि रोज त्रास होत असेल, वस्तू हिसकावणं, ढकलणं, ग्रुपवर फोटो टाकणं, तर तो आत्मविश्वासाचा प्रश्न राहत नाही, ती दादागिरी आहे. ज्या मोठ्या माणसावर विश्वास आहे त्याला सांगा, स्क्रीनशॉट ठेवा. आणि काही दिवस कीचेन घरी ठेवावंसं वाटलं तर ठेवा, त्याने तुम्ही कमी फॅन होत नाही.

उलट बाजूही आहे. उघडपणे फॅन असणं म्हणजे प्रत्येक गप्पा पोनीवर आणणं नाही. मी नव्या उत्साहात हे केलंय, एका मित्राला सलग तीन संध्याकाळी लिंक पाठवल्या, चौथ्या दिवशी त्याने उत्तर देणं बंद केलं, आणि बरोबरच केलं. तुम्हाला तुमच्या आवडीचा मान हवाय ना, मग समोरच्याच्या आवडीबद्दल विचारा, मनापासून ऐका, त्याचं काहीतरी बघा.

आता मोठ्या फॅन लोकांसाठी खास, आणि हे गंभीरपणे घ्या. ही मालिका मुलांची आहे, म्हणजे जिथे तिच्याबद्दल गप्पा चालतात तिथे मुलं असणारच. त्यांच्यासमोर भाषा नीट ठेवा. अनोळखी लहान मुलांना खासगी मेसेज करू नका, कितीही चांगल्या हेतूने असला तरी. मोठ्यांसाठीचं फॅन आर्ट मुलांच्या नजरेला पडेल असं टाकू नका, शेअर करू नका. आणि मर्यादित संख्येत आलेलं शेवटचं खेळणं असेल आणि शेजारी एक सहा वर्षांची मुलगी तेच बघत असेल तर ते तिचं आहे. आधी हक्क त्यांचा, आपण नंतर आलेले, आणि हे मान्य केल्यावर मला तरी जास्त मोकळं वाटलं.

आपल्यासारखे शोधायला मात्र नक्की जा. पोनीच्या मोठ्या फॅन लोकांना ब्रोनी म्हणतात, ब्रो आणि पोनी मिळून झालेला शब्द, मुलीही वापरतात. ब्रोनीकॉन नावाचं त्यांचं संमेलन 2011 मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालं तेव्हा जेमतेम शंभरेक लोक होते, 2019 मध्ये बाल्टिमोरला शेवटचं झालं तेव्हा 10,000 च्या वर आले. मला सगळ्यात आवडणारी गोष्ट डर्पीची. पहिल्याच एपिसोडमध्ये मागे गर्दीत एक राखाडी पोनी होती, डोळे दोन दिशांना, नाव नाही, संवाद नाही. फॅन लोकांनी तिला हेरलं, डर्पी नाव ठेवलं, चित्रं काढली, आणि ते बनवणाऱ्यांपर्यंत पोचलं, मग ते तिला मुद्दाम ठिकठिकाणी दाखवायला लागले. 2015 मध्ये मालिकेचा शंभरावा एपिसोड आला तो अशाच मागच्या गर्दीतल्या पोनींचा, मुख्य सहाजणी त्यात कडेला. म्हणजे कोणीतरी घरी बसून गर्दीतल्या एका चेहऱ्यावर प्रेम केलं आणि ते प्रेम परत पडद्यावर आलं. सगळ्या ग्रुपमध्ये असं गोड वातावरण नसतं हेही खरं, जिथे नवीन माणसाची परीक्षा घेतात, "खरा फॅन असशील तर सांग" वगैरे, तिथून निघा, दुसरा ग्रुप मिळतो.

चित्र काढता येत असेल तर काढा, येत नसेल तरी काढा. गाणी गुणगुणा, गोष्टी लिहा.

आणि कधीतरी कोणीतरी म्हणेल, "बरं, दाखव एक." ती वेळ वाया घालवू नका. पहिले दोन एपिसोड मिळून एकच गोष्ट आहे, ती नवख्या माणसाला लांब वाटू शकते, म्हणून मी पहिल्या सिझनमधला विंटर रॅप अप दाखवतो, ज्यात सगळं गाव मिळून हिवाळा आवरतं आणि जादूत हुशार असलेल्या ट्वायलाइटला जादू न वापरता मदत करायची असते, एकही काम जमत नाही, आणि शेवटी कळतं की सगळ्यांच्या कामाचं नियोजन करणं हेच तिला येतं. गाणंही सुंदर आहे. एकच एपिसोड लावा, शेजारी बसा, मधे बोलू नका, प्रत्येक विनोदाला त्यांच्या तोंडाकडे बघू नका. संपल्यावर त्यांना आधी बोलू द्या. "ठीक होतं" म्हणाले तर ठीक. "ती पुस्तकं वाचणारी मस्त आहे" म्हणाले तर पुढचा लावा.