घरचे विद्यापीठात येतात तेव्हा

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात नव्याने दाखल झालेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. त्यातही ज्यांचे घरचे परभणी-लातूरकडून, नंदुरबारकडून रात्रभर एसटीत बसून लेकराला भेटायला येणार आहेत, त्यांच्यासाठी. पाहुणे यायचे म्हटलं की आपण लगेच शनिवारवाडा, दगडूशेठ, सारसबाग अशी यादी काढतो. ती यादी दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. लेकरू कुठं झोपतं, काय खातं, रोज कुठल्या रस्त्यानं वर्गात जातं, हे घरच्यांना आधी डोळ्यांनी बघायचं असतं. माझ्या आई-अण्णांचं हेच झालं, आणि माझ्या हॉस्टेलमधल्या बहुतेक मैत्रिणींचाही हाच अनुभव आहे.

आधी उतरण्याचं आणि मुक्कामाचं बघू. शिवाजीनगरचं एसटी स्टँड मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीला हलवलं गेलं, पण गावाकडे अजून सगळे ‘शिवाजीनगर’च म्हणतात. कुठं उतरायचं हे फोनवर नीट सांगा आणि स्वतः न्यायला जा. हॉस्टेलमध्ये पाहुण्यांचा मुक्काम धरून चालू नका. शिवाजीनगर भागात लॉज मिळतात, पण खोली ठरवताना लिफ्ट आहे का आणि कमोड आहे का, हे दोन प्रश्न नक्की विचारा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्याचाच आधार असतो. आधार कार्ड सगळ्यांचं सोबत हवं. परीक्षेचे दिवस टाळा.

सकाळी आंघोळ-चहा झाला की थेट विद्यापीठात या. मुलींच्या हॉस्टेलमध्ये वडिलांना आत जाता येत नाही. आईला दिवसा थोडा वेळ खोली दाखवता येईल का, हे रेक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा. आई माझ्या खोलीत आली, कॉटवर बसली, गादीची जाडी हातानं बघितली आणि कपाटातला डबा उघडून पाहिला. अण्णा तेवढा वेळ बाहेर बाकावर बसून होते. त्यांना वाटू नये की आपल्यालाच काही दाखवलं नाही, म्हणून तिथून त्यांना जयकर ग्रंथालयाकडे नेलं. बॅरिस्टर मु. रा. जयकर हे या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, विद्यापीठाची स्थापना १९४९ची. मी कुठं बसते, सकाळी जागा धरायला किती लवकर यावं लागतं, हे त्यांना दारातच उभं राहून सांगितलं. मग विभागात नेऊन सरांशी भेट घालून दिली. दोन मिनिटांचंच बोलणं झालं, पण गावी परतल्यावर अण्णांनी सगळ्यात जास्त वेळा सांगितली ती हीच भेट. शिक्षकांना आधी वेळ विचारून ही भेट जरूर घडवा. दुपारचं जेवण मेसमध्येच करा. आमटी पातळ असली तरी असू दे, त्यांना तुमचं ताट बघायचं आहे.

जेवणानंतर तासभर सावलीत बसू द्या. या आवारात जुने, पारंब्या टेकलेले वड आहेत आणि चारशे एकरांच्या वर पसरलेला परिसर आहे, त्यामुळे पुण्याचा गोंगाट आतवर पोचत नाही. ऊन उतरलं की मुख्य इमारतीकडे चला. हे एकेकाळचं मुंबईच्या गव्हर्नरांचं पावसाळी निवासस्थान. बांधकाम १८६४ला सुरू झालं, १८७१ला संपलं. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव २२ जून १८९७ला इथंच साजरा झाला आणि त्या रात्री परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेगचा अधिकारी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी, त्याच प्लेगमध्ये, १० मार्चला सावित्रीबाई गेल्या होत्या. मुलगा यशवंतच्या दवाखान्यात त्या रुग्णांची सेवा करत होत्या. आज त्या गव्हर्नरांच्या वाड्यावर सावित्रीबाईंचं नाव आहे, ते २०१४पासून. हे सगळं घरच्यांना इमारतीसमोर उभं करून सांगा, खूप वेळ लागत नाही. चौथीत शाळा सुटलेली माझी आई हे ऐकून पुन्हा सावित्रीबाईंच्या पुतळ्याकडे वळली आणि पायातल्या चपला काढून नमस्कार करून आली.

सोबत शाळकरी भाऊ-बहीण असेल तर आयुकाचा विचार करा. जयंत नारळीकरांनी १९८८मध्ये उभी केलेली ही खगोलशास्त्राची संस्था विद्यापीठाच्या आवारातच आहे, इमारत चार्ल्स कोरियांची. आतल्या अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. पृथ्वी फिरते हे डोळ्यांसमोर दाखवणारा फूकोचा लंबकही आहे. मुलांसाठी विज्ञान शोधिका आहे, तिची इमारत पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून झाली आणि तिचं नाव ‘पुलस्त्य’. मात्र ही संशोधनाची जागा आहे, वाटलं तेव्हा आत जाता येत नाही, परवानगी आधी घ्यावी लागते. दहावीतला भाऊ असेल तर घरच्यांना २८ फेब्रुवारीलाच, राष्ट्रीय विज्ञान दिनाला बोलवा. त्या दिवशी संस्था सर्वांसाठी खुली असते. गर्दी प्रचंड असते, तरी मला तो वर्षातला सगळ्यात चांगला दिवस वाटतो.

संध्याकाळी चतुःशृंगी देवीचं मंदिर. सेनापती बापट रस्त्यावर, विद्यापीठापासून जवळ. पायऱ्या शंभरावर आहेत, म्हणून आजी असेल तर खालूनच हात जोडायला लावा. नवरात्रात इथं जत्रा भरते, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका.

दुसऱ्या दिवशी शहर. इथं मी एक जागा मुद्दाम सुचवते, जी कुठल्याच यादीत नसते. गणेशखिंड रस्त्यानं शिवाजीनगरकडे जाताना शिमला ऑफिस चौक लागतो. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८मध्ये शिमल्याहून इथं आलं, म्हणून हे नाव. मनोऱ्यावर घड्याळ असलेली ती दगडी इमारत रस्त्यावरूनच दिसते. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण इथलं काम चालूच राहिलं. शेतकरी माणसाला ही इमारत दाखवाच. ‘पावसाचा अंदाज इथून निघायचा व्हय?’ म्हणत अण्णा फुटपाथवर थांबले आणि त्या घड्याळाकडे बघत त्यांनी गेल्या तीन हंगामांचा पाऊस मला सांगितला.

तिथून पुढे जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वर. आठव्या शतकातलं, एकाच खडकात कोरलेलं लेणं, पुढ्यात नंदीचा गोल मंडप. दुपारी आत गारवा असतो, शेजारीच जंगली महाराजांची समाधी आहे, बसायला जागा आहे. डबा असेल तर तो खायला संभाजी बाग जवळ. शनिवारवाड्यापेक्षा मला ही जागा पाहुण्यांसाठी जास्त बरी वाटते, कारण शनिवारवाड्यात उन्हात चालणंच फार.

वेळ एकाच ठिकाणाला असेल तर गंज पेठेतला फुले वाडा निवडा. जोतीरावांनी १८६८मध्ये अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केलेला हौद, अंगण आणि तुळशीजवळची समाधी. आदल्या दिवशी विद्यापीठात सांगितलेल्या गोष्टीचा पुढचा भाग इथं घरच्यांना दिसतो. तिथून महात्मा फुले मंडई. ही इंग्रजांच्या काळातली ‘रे मार्केट’. वडिलांना भाव विचारत फिरू द्या, मध्येच घाई करू नका. आईला तुळशीबागेत न्या आणि हातात थोडे पैसे तुम्ही द्या, स्टायपेंडमधले असोत की वाचवलेले.

परतीची गाडी रात्रीची असेल तर विद्यापीठ चौकातली संध्याकाळची कोंडी धरून निघा, नाहीतर स्टँडवर धावपळ होते. वाटेत खायला मेसमधून चपात्या बांधून घ्या, पाण्याच्या बाटल्या भरून द्या आणि खिडकीची सीट आईला मिळाली आहे ना, हे गाडीत चढून बघा.