जनावरांचे अनुदान पाहणीत अडकते तेव्हा : या चुका टाळा

नोकरी मुंबईत आणि गोठा गावी असलेल्या घरांत जनावरांसाठीचे सरकारी अनुदान रखडले की पहिला फोन मंत्रालयात ओळख असलेल्या माणसाला जातो. त्या फोनचा सहसा उपयोग होत नाही, कारण कागद बहुधा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातच, जागेवरील पाहणीच्या अहवालाअभावी, थांबलेला असतो.

सर्वांत जास्त अडचण जनावराच्या कानातल्या बिल्ल्यामुळे होते. बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक, अर्जातला क्रमांक आणि ‘भारत पशुधन’ या जनावरांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतील नोंद या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत, आणि नोंद अर्जदाराच्याच नावावर हवी. आमच्या रायगडच्या गोठ्यात चुलत्यांनी शेण लागलेला बिल्ला तसाच वाचून ३ च्या जागी ८ लिहिला. पाहणीला आलेल्या पशुधन पर्यवेक्षकांनी फडक्याने बिल्ला पुसला, अंक पुन्हा वाचला आणि अर्ज दुरुस्तीसाठी परत केला. पुढची पाहणी व्हायला तीन महिने लागले. जनावर विकत घेतल्यावर जुन्या मालकाचे नाव नोंदीत तसेच राहणे, किंवा बिल्ला तुटल्यावर नवा मारून अर्जात जुनाच क्रमांक ठेवणे, हेही याच जातीचे घोटाळे आहेत. जानेवारी २०२४ मध्ये राज्याने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान सुरू केले, त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ते ७ रुपये झाले. तेव्हाही बिल्ल्यांच्या आणि बँक खात्यांच्या माहितीतील त्रुटींमुळे अनेकांचे पैसे लांबले होते.

दुसरी चूक खास चाकरमान्यांची. अर्ज स्वतःच्या नावाने करायचा, आणि पाहणीच्या दिवशी आपण लोकलमध्ये, शेळ्या रानात, गोठ्याला कुलूप. एकेका पशुधन विकास अधिकाऱ्याकडे कितीतरी गावे असतात, त्यामुळे हुकलेली पाहणी लगेच पुन्हा होत नाही. तारीख आधी विचारून घ्यावी, त्या दिवशी जनावरे बांधून ठेवावीत आणि आपल्याला जाता येणार नसेल तर पंचनाम्यावर घरातील दुसऱ्या कोणाची सही चालेल का, हे दवाखान्यातून अगोदरच स्पष्ट करून घ्यावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये निधी खर्ची टाकण्याची घाई असते, म्हणून कागद दिवाळीच्या सुमारासच पूर्ण केलेले बरे.

अनुदान नवी जनावरे घेण्यासाठी असेल, तर मंजुरीचे पत्र हाती येण्यापूर्वी ती बाजारातून आणू नयेत. व्यापारी कितीही घाई करो, आधीची खरेदी अनुदानात धरली जात नाही.

पाहणी पार पडूनही पैसे दिसत नाहीत, तेव्हा बँकेचे खाते तपासावे. थेट लाभाची रक्कम बहुतेकदा आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. अर्जासोबत गावच्या बँकेचे पासबुक जोडलेले असते आणि आधार मात्र मुंबईच्या पगाराच्या खात्याला जोडलेले. मग गावच्या पासबुकावर नोंदी भरून आणत राहण्यात महिने जातात.

विलंबाची तक्रार तोंडी करू नये. पाहणी कोणत्या तारखेला झाली, अहवाल कोणत्या जावक क्रमांकाने पुढे गेला आणि सध्या तो कोणत्या टेबलावर आहे, एवढे तीनच प्रश्न लेखी विचारून अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर हेच प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतात. तिथे उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.