उणे बारा व्होल्ट येतात कुठून?

आमच्या प्रयोगशाळेत या विषयाची सुरुवात मी फळ्यावर करत नाही. नऊ व्होल्टच्या दोन चौकोनी बॅटऱ्या आणि मल्टिमीटर, एवढंच टेबलावर ठेवते.

एकीचं मायनस दुसरीच्या प्लसला जोडा. टोकाटोकांत साधारण 18 व्होल्ट दिसतील. आता मीटरची काळी पिन मधल्या जोडावर ठेवा आणि ती अजिबात हलवू नका. लाल पिन मोकळ्या प्लसवर टेकवली की +9, मोकळ्या मायनसवर टेकवली की −9. बॅटऱ्या त्याच, शून्य आपण मध्ये धरलं. गवंडी जोतं शून्य धरून वर भिंत मोजतो आणि खाली पाया, तसंच हे. मुलांनी तो उणे आकडा स्वतः पाहिला की पुढचं सगळं सोपं जातं.

आवाजाचा सिग्नल शून्याच्या वर-खाली हलतो. नुसता +12 दिला आणि इनपुट ग्राउंडभोवतीच, म्हणजे आपण धरलेल्या शून्याभोवतीच ठेवला, तर ऑप-अँपला (सिग्नल मोठा करणाऱ्या चिपला) खालचा अर्धा भाग काढताच येत नाही. तो कापला जातो. म्हणून 741 किंवा टीएल072 सारख्या ऑप-अँपना प्लस आणि मायनस दोन्ही बाजू लागतात.

कायमचा सप्लाय करायचा तर 12-0-12 चा (मधली वायर असलेला) ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज, 1000 मायक्रोफॅरड 25 व्होल्टचे दोन कपॅसिटर, आणि +12 व −12 स्थिर ठेवणारे रेग्युलेटर 7812 आणि 7912 घ्या. मधली वायर म्हणजे ग्राउंड. कपॅसिटरवर दोन्हीकडे साधारण 16 व्होल्ट मिळतात, त्यांचे रेग्युलेटर 12 करतात. 230 व्होल्टच्या बाजूला फ्यूज हवाच, आणि एकही जोड उघडा नको.

खरी चूक होते ती मायनसच्या बाजूला. तिथल्या कपॅसिटरचा प्लस पाय ग्राउंडला जातो. उलटा लावला तर तो तापून फुटतो. आणि 7912 चे पाय 7812 सारखे नाहीत. नंबर आपल्याकडे ठेवून डावीकडून 7812 चे पाय इनपुट, ग्राउंड, आउटपुट. 7912 चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. माझ्या पहिल्या बोर्डवर मी दोन्ही सारखेच लावले होते, आणि तो जळका वास आजही आठवतो. शिवाय 7912 ची धातूची पाठ इनपुटला जोडलेली असते. एकाच हीटसिंकवर दोन्ही बसवताना तिच्याखाली अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकचं बुश घालाच.

बेंच सप्लायच्या (प्रयोगशाळेतल्या तयार सप्लायच्या) दोन चॅनेलनाही बॅटऱ्यांसारखंच जोडता येतं. फक्त आधी, सप्लाय बंद असताना, प्रत्येक मायनस आणि हिरवं अर्थ टर्मिनल यांच्यात मीटरची बीप येते का बघा. दोन्हीकडे आली, तर मधला जोड करताच एक चॅनेल शॉर्ट होईल. मायनस आणि अर्थ टर्मिनल जोडणारी पट्टी सुटी असेल तर काढून पुन्हा बीप तपासा. तरीही वाजली, तर त्या सप्लायवर हा जोड करूच नका.